दोन पेट्यांचा हिशेब

धान्याच्या व्यापारात पोत्यात हात घालून मूठभर माल बाहेर काढता येतो, तळहातावर पसरून पाहता येतो आणि मगच भाव बोलता येतो. डाळिंबाच्या व्यापारात ही सोय नाही. फळ कापल्यावाचून त्याचे अंतरंग कळत नाही आणि कापलेले फळ विकता येत नाही. म्हणून डाळिंबाचा सौदा बव्हंशी शब्दावर होतो. माढ्याहून निघालेला माल पुण्याच्या किंवा वाशीच्या बाजारात पोहोचतो, घेणारा चार-सहा फळे कापून पाहतो, आणि त्यांतील एखाद्याचे दाणे काळे निघाले की सगळ्या मालाचा भाव उतरतो. ती तूट शेवटी बागायतदाराच्या पट्टीत येते. त्याला वाटते, आडत्याने भाव मारला. आडत्याला वाटते, बागायतदाराने नासका माल खाली दडवला. बापाच्या वेळेपासून चालत आलेल्या खात्यात एका काळ्या फळामुळे तेढ निर्माण होते.

वस्तुतः अशा वेळी दोघांपैकी कोणीही लबाडी केलेली नसण्याचाच संभव अधिक असतो. भगवा वाणाचे फळ फुलापासून काढणीपर्यंत साधारण सहा महिने झाडावर असते, आणि फळ आतून काळे करणारी बुरशी बहुधा फुलाच्या अवस्थेतच आत शिरलेली असते. जो अपराध बाजारात उघडकीस येतो, तो सहा महिन्यांपूर्वी बागेत घडून गेलेला असतो. या बुरशीला आवर घालण्यासाठी वनस्पतींचे अर्क वापरण्याचा विचार अलीकडे पुष्कळ बोलला जातो. कडुनिंब, तुळस, लवंग, ओवा, गवती चहा अशी घरातली आणि अंगणातली नावे बाटल्यांवर दिसू लागली आहेत. ज्या घरांची आडत आहे, ज्यांचे कृषी सेवा केंद्र आहे किंवा ज्यांची स्वतःची बाग आहे, त्या घरांना या बाटलीत किती सत्य आहे आणि किती नुसते नाव आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

माढा तालुक्याच्या एका अंगाने भीमा वाहते, दुसऱ्या अंगाने सीना. उजनीच्या पाण्याने आणि सीना-माढा उपसा सिंचन योजनेने अनेक गावांत ऊस आणला. तरी हा मुलूख मुळात पर्जन्यछायेचा. पाणी बेताचे आणि जमीन हलकी, अशा ठिकाणी डाळिंबाने घर केले. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले आणि २०१६ मध्ये ‘सोलापूर डाळिंब’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या कोरड्या जमिनीच्या जोरावर. बुरशीला ओल लागते. त्यामुळे कोरडी हवा हेच या फळाचे पहिले औषध आहे. अडचण अशी की सोलापूर भागात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो, आणि जून-जुलैत फुललेल्या मृग बहराची फळे त्या वेळी झाडावर वाढत असतात. दमट हवा, ढगाळ दिवस आणि पानांवर रात्रभर टिकणारी ओल एवढे मिळाले की बुरशीचे काम सुरू होते.

डाळिंबाची साल कडू, तुरट आणि चिवट असते. ती सहजासहजी कुजत नाही. परंतु फळाच्या तोंडाशी जो मुकुट असतो, तो म्हणजे भक्कम तटाला ठेवलेला उघडा दरवाजा. फुलातील सुकलेले केसर तिथेच अडकून राहतात, पावसाचे आणि फवाऱ्याचे पाणी तिथेच साचते. अल्टरनेरिया नावाची बुरशी याच वाटेने आत जाते, पुष्कळ काळ शांत बसते आणि फळ पक्व होऊ लागले की दाणे काळे करते. बाहेरून फळ निरोगी दिसते. फार तर त्याचा रंग किंचित विटका असतो आणि हातात घेतल्यावर ते थोडे हलके लागते. ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी आत काळ्या भुकटीसारखी पसरते. कोलेटोट्रायकममुळे सालीवर काळपट, खोलगट डाग पडतात. साठवणीत ठेवलेल्या फळांवर राखाडी किंवा निळसर-हिरवी बुरस चढते, ती बोट्रायटिस आणि पेनिसिलियम यांची.

येथे एक भेद स्पष्ट असला पाहिजे. तेल्या हा ज्या रोगाने महाराष्ट्रातील कितीतरी बागा उद्ध्वस्त केल्या, तो बुरशीचा रोग नव्हे. तो जिवाणूचा रोग आहे. झाडे वाळवणारा मर रोग बुरशीचा असला तरी तो जमिनीतून, मुळांतून येतो. फळांवरील फवाऱ्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे ‘कूज, तेल्या आणि मर, तिन्हींवर एकच नैसर्गिक उपाय’ असे लिहिलेली बाटली दुकानात आली, तर ती ठेवून घेण्यापूर्वी दुकानदाराने थबकले पाहिजे.

वनस्पतींमध्ये बुरशी रोखण्याची शक्ती असते, हे आपल्या स्वयंपाकघराला शास्त्राने सांगण्याची गरज नव्हती. कैरीच्या लोणच्यात मोहरी, हळद, हिंग आणि मीठ पडते, वर तेलाचा थर येतो आणि बरणी वर्षभर टिकते. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा सुकलेला पाला घातला जातो. श्रावकाच्या घरात पिठाची मर्यादा पाळली जाते, ती ऋतूप्रमाणे बदलते: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७. हवेत ओल वाढली की पदार्थाचे आयुष्य घटते, हे निरीक्षण त्या नियमात आहे. त्यामागची दृष्टीही ध्यानात घेण्याजोगी आहे. पदार्थ चलितरस होऊन त्यात जीवोत्पत्ती झाल्यावर उपाय शोधण्यापेक्षा ती होऊच नये असा यत्नाचार ठेवावा, ही ती दृष्टी. वनस्पतींचे अर्क फळकुजीवर काम करतात ते नेमके याच रीतीने. ते प्रतिबंध करतात. झालेली कूज बरी करत नाहीत.

असे का, हे समजण्यासाठी बुरशीची चाल पाहावी लागते. बुरशीचा बीजाणू हवेतून येतो आणि फुलावर किंवा सालीवर पडून राहतो. ओल मिळाली की तो अंकुरतो, त्यातून एक नाजूक नळी निघते आणि ती जखमेतून किंवा कोवळ्या भागातून आत घुसते. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातील सिट्रल ही द्रव्ये तेलात मिसळणारी आहेत. बुरशीच्या पेशीभोवतीचे आवरणही स्निग्ध पदार्थांचे असते. ही द्रव्ये त्या आवरणात शिरतात, ते झिरपू लागते आणि कोवळी नळी तिथेच थांबते. लसणीतील ॲलिसिन हे द्रव्य कॅव्हॅलिटो आणि बेली या संशोधकांनी १९४४ मध्ये वेगळे केले. अखंड पाकळीत ते नसतेच. पाकळी ठेचली की दोन घटक एकत्र येऊन ते तयार होते आणि बुरशीच्या आतील विकरांना निकामी करते. ज्या घरात कंद वर्ज्य आहेत, त्यांनी बागेसाठीही लसणीकडे वळावेच असे मात्र नाही. लवंग, ओवा, तुळस आणि गवती चहा यांच्यातही बुरशीला रोखणारी द्रव्ये आहेतच.

कडुनिंबाचे स्थान याहून थोडे निराळे आहे. त्यातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य मुख्यतः किडींसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे किडीचे खाणे आणि वाढ थांबते. कडुनिंबाच्या तेलाचा काही बुरशींवर, विशेषतः भुरीवर, थेट परिणाम होतो. पण फळकुजीच्या बाबतीत त्याचा उपकार आडवाटेने होतो. फळ पोखरणारी अळी डाळिंबाला छिद्र पाडते. पावसाळ्याच्या अखेरीस रात्री येणारे रस शोषणारे पतंग पक्व फळाला टोचतात. प्रत्येक छिद्र म्हणजे बुरशीसाठी नवा दरवाजा. फुलोऱ्याच्या आणि फळधारणेच्या काळात निंबोळी अर्काने अळीचा उपद्रव कमी झाला, तर कुजीचे प्रमाणही त्या मानाने उतरते. रात्रीच्या पतंगांसाठी मात्र फळांना पिशव्या बांधणे हाच अधिक खात्रीचा उपाय.

कडुनिंबाच्या तेलाची बुरशीविरोधी शक्ती एकदा आंतरराष्ट्रीय वादाचा विषय झाली होती, आणि त्या वादात महाराष्ट्राच्या शेतांचा सहभाग होता. अमेरिकेचा कृषी विभाग आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये कडुनिंबाच्या तेलाने वनस्पतींवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट दिले. डॉ. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील मॅग्डा एलव्होएट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याला हरकत घेतली. कडुनिंब भारतात शतकानुशतके वापरले जाते, हे जगाला ठाऊक होते. पण म्युनिचच्या त्या सुनावणीत वजन पडले ते १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर झालेल्या चाचण्यांच्या साक्षीचे. २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. व्यापारी घरांना या घटनेचा अर्थ चटकन उमगेल. ‘आमच्याकडे पूर्वीपासून चालत आले आहे’ हे म्हणणे खरे असले, तरी उपयोगी पडते ते तारीखवार केलेले आणि दाखवता येणारे काम.

पेटंट रद्द झाले म्हणजे अर्काला मर्यादा नाहीत, असा अर्थ कोणी काढू नये. पहिली मर्यादा काळाची. ॲझाडिरॅक्टिन उन्हात थोड्या दिवसांत विघटित होते. लवंग-ओव्याची तेले उडून जातात. पाऊस आला की अर्क धुऊन जातो. म्हणजे ज्या पावसाळी दिवसांत संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवसांत अर्काचा टिकाव सर्वांत कमी. दुसरी मर्यादा जागेची. मुकुटातून आत जाऊन बसलेल्या बुरशीपर्यंत सालीवरचा फवारा पोहोचत नाही. रासायनिक बुरशीनाशकांनाही तिथे अडचण येते, मग अर्काचे काय? तिसरी मर्यादा सातत्याची. एका झाडाची तुळस आणि दुसऱ्या झाडाची तुळस, जूनमधील पाला आणि डिसेंबरातील पाला यांतील द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. घरी केलेल्या अर्काचा गुण म्हणूनच दर वेळी बदलतो. चौथी मर्यादा प्रमाणाची. सुगंधी तेल नुसत्या पाण्यात मिसळत नाही. त्याचे थेंब पानावर आणि कोवळ्या फळावर जसेच्या तसे बसले, तर तेवढा भाग भाजून निघतो. नैसर्गिक द्रव्य अपाय करत नाही, ही समजूत एका चुकीच्या फवाऱ्याने खोटी ठरते.

एवढ्या मर्यादा असूनही अर्कांकडे वळण्याला सबळ कारण आहे. रासायनिक औषधांपैकी पुष्कळांना फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर ठेवावे लागते. काढणी तोंडावर आली की तो मार्ग बंद होतो. युरोपीय संघात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश फळात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडला तेव्हा निर्यातदारांना काय सोसावे लागले, हे द्राक्षांच्या व्यापारातील घरे अद्याप विसरलेली नाहीत. शिवाय एकच बुरशीनाशक पुन्हा पुन्हा वापरले की त्याला दाद न देणारी बुरशी मागे उरते आणि वाढते. अशा स्थितीत काही फवारण्यांची जागा अर्काने घेतली, तरी ती मोठी मदत आहे. बागेत फवारणी करणारा मजूर आणि ते फळ खाणारे मूल यांच्या दृष्टीनेही ती मोलाची आहे.

दुकानाच्या गल्ल्यामागे बसणाऱ्यावर येथे एक जबाबदारी येते. पिकावरील कीड किंवा रोग नियंत्रित करण्याचा दावा करणारे उत्पादन, मग ते रासायनिक असो वा वनस्पतिजन्य, कीटकनाशक कायदा, १९६८ याच्या कक्षेत येते. बुरशीनाशकेही त्यातच मोडतात. अशा उत्पादनावर नोंदणी क्रमांक असायला हवा. फेब्रुवारी २०२१ पासून जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. त्यांचे काम पिकाची वाढ आणि अन्नद्रव्यांचा उपयोग सुधारणे हे आहे, रोग बरा करणे हे नव्हे. म्हणून जैव-उत्तेजक म्हणून आलेली बाटली ‘कुजीवर रामबाण’ म्हणून विकणे हे कायद्याने चूक आहे आणि शब्दानेही. खाली वाकून दुसऱ्या फळीवरची बाटली काढताना दुकानदार जे दोन वाक्ये बोलतो, त्यांच्या भरवशावर बागायतदार कर्ज काढून घेतलेल्या बहराची जोखीम उचलतो. ‘हे आधी मारायचे आहे, कूज दिसल्यावर याचा उपयोग नाही’ हे वाक्य सांगितल्याने कधी एखादी विक्री जाईल. ते न सांगितल्याने पुढच्या बहराला गिऱ्हाईक जाते, आणि त्याच्याबरोबर चार गावांत दुकानाचे नावही.

मग बागायतदाराने नेमके करावे काय? प्रारंभ स्वच्छतेपासून करावा. झाडाखाली पडलेली, झाडावर सुकून काळी पडलेली फळे आणि छाटणीच्या काड्या बागेत ठेवू नयेत. पुढच्या बहराची बुरशी तिथेच मुक्काम करते. फांद्यांची विरळणी अशी असावी की दुपारी झाडाच्या पोटात ऊन जाईल आणि पानांवरची ओल लवकर सुकेल. ठिबकाचे पाणी मुळाशी द्यावे, फळावर उडू देऊ नये. जिथे पाण्याची सोय आहे तिथे पावसाच्या तोंडी मृग बहर धरावा की जानेवारी-फेब्रुवारीतला आंबे बहर, याचा विचार बाजारभावाबरोबर कुजीचा हिशेब मांडूनही करावा. एवढे केल्यानंतर अर्काची पाळी येते, आणि त्याची वेळ म्हणजे फुलोरा ते फळ लिंबाएवढे होईपर्यंतचा काळ. फळ रंगावर आल्यावर पहिला फवारा मारणे म्हणजे चोरी झाल्यावर कुलूप आणायला जाणे.

पाच टक्के निंबोळी अर्काची रीत जुनी आणि सोपी आहे. सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांचा ५ किलो चुरा रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळावा, त्यात सुमारे २०० ग्रॅम साबणाचे द्रावण मिसळावे आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. ते त्याच दिवशी, शक्यतो ऊन उतरल्यावर फवारावे. निंबोळ्या जून-जुलैत पडतात आणि तेच पावसाचे दिवस असतात. ओल्या राहिलेल्या निंबोळ्यांना स्वतःलाच ॲस्परजिलसची बुरशी लागते. काळपट, बुरसट वासाच्या निंबोळ्यांचा अर्क करून बुरशी रोखू पाहणे व्यर्थ होय. निंबोळी खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याने पोते सोडून वास घ्यावा, तो याचसाठी. सुगंधी तेलांच्या बाबतीत घरगुती प्रमाणाच्या नादी न लागता नोंदणी असलेले, पाण्यात मिसळण्याजोगे केलेले उत्पादन घ्यावे आणि आधी दोन-तीन झाडांवर मारून चार दिवस पाहावे.

काढणीनंतर अर्काच्या पाण्यात डाळिंब बुडवण्याचा मोह टाळलेला बरा. मुकुटात शिरलेले पाणी सहजी सुकत नाही आणि ज्या दारातून संकट येते तेच दार ओले राहते. त्याऐवजी फळे कात्रीने देठ आखूड ठेवून काढावीत, आपटू देऊ नयेत, तडकलेली आणि विटक्या रंगाची, आकाराच्या मानाने हलकी फळे प्रतवारीतच वेगळी करावीत. डाळिंब तोडल्यानंतर पिकत नाही. त्यामुळे कच्चे तोडून घरी पिकवण्याचा हिशेब येथे चालत नाही. साठवायचे असेल तर सुमारे ५ अंश सेल्सिअस तापमान योग्य. त्याहून फार खाली गेल्यास थंडीनेच फळ बिघडते.

आता प्रश्न उरतो तो पारखण्याचा. त्याचे उत्तर फ्रान्समधील द्राक्षांच्या एका मळ्यात सापडते. बोर्डो भागातील मळेवाले रस्त्याच्या कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे मिश्रण शिंपडत; वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत एवढाच हेतू. १८८२ मध्ये मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आले की रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत आणि आतल्या वेलींची पाने केवड्याने गळाली आहेत. त्याने पुढे प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. आज माढ्याच्या बागेत १ टक्का बोर्डो मिश्रण फवारले जाते, ते त्या निरीक्षणाचे फळ. त्या मळ्यात सगळ्याच वेलींवर मिश्रण शिंपडले असते, तर मिलार्देला काहीही कळले नसते. न शिंपडलेल्या वेलींनीच शिंपडलेल्या वेलींचा गुण सांगितला.

हीच पद्धत कोणत्याही घरात, कोणत्याही आडतीवर वापरता येते. एका बागेत, एकाच वाणाच्या, एकाच वयाच्या झाडांच्या दोन ओळी निवडाव्यात. एका ओळीवर अर्क मारावा, दुसरीवर त्याच दिवशी, त्याच पंपाने नुसते साबणाचे पाणी मारावे. बाकीची मशागत आणि औषधे दोन्हींकडे सारखी ठेवावीत. काढणीला प्रत्येक ओळीतून सारख्याच आकाराची फळे घेऊन दोन पेट्या भराव्यात, आतून खूण करावी आणि एकाच जागी ठेवाव्यात. दर आठवड्याला डाग पडलेली फळे मोजून वहीत टिपावीत आणि शेवटी सगळी फळे कापून काळ्या दाण्यांची फळे मोजावीत. एका पेटीत पाच आणि दुसरीत सहा फळे नासली असतील, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. पण हा प्रयोग दोन-तीन बहरांत, चार-पाच बागांत झाला आणि दर वेळी अर्काची पेटी सरस निघाली, तर दुकानदार तो अर्क निःशंक मनाने विकू शकतो. सरस निघाली नाही, तर तेही बागायतदाराला सांगता येते आणि त्याचे पैसे वाचतात.

बहुतेक वेळा दुसरी पेटीच भरली जात नाही. ज्या वर्षी पाऊस कमी झाला त्या वर्षी सगळ्यांचीच फळे चांगली राहतात आणि श्रेय बाटलीला जाते. ज्या वर्षी पाऊस लांबला त्या वर्षी सगळ्यांचीच नासतात आणि दोष दुकानदाराला लागतो. जमेच्या बाजूला आकडा लिहून नावेची बाजू कोरी ठेवली, तर कोणताही मुनीम त्याला हिशेब म्हणणार नाही.

या प्रयोगाचा आणखी एक लाभ आहे. आडत्या आणि बागायतदार यांनी त्या दोन पेट्या एकत्र बसून उघडल्या, एकत्र फळे कापली आणि एकाच वहीत आकडे लिहिले, तर पुढच्या वेळी वाशीहून काळ्या फळाची तक्रार आल्यावर दोघांनाही ठाऊक असेल की तो डाग ट्रकमध्ये पडलेला नाही आणि तळाशी दडवलेलाही नाही. तो फुलात पडलेला आहे. मग भांडण तुटीवर होणार नाही. पुढच्या फुलोऱ्यात काय करायचे, यावर बोलणे होईल.

डाळिंबाच्या बाबतीत एक गंमत शेवटी नोंदवण्याजोगी आहे. रसाच्या दुकानांमागे टाकून दिलेल्या सालींत प्युनिकॅलॅजिन नावाचे तुरट द्रव्य विपुल असते. इटलीतील संशोधकांनी या सालीच्या अर्काने लिंबूवर्गीय फळे, चेरी आणि ऑलिव्ह यांवरील कूज रोखण्याचे प्रयोग केले आणि ते आशादायक ठरले. जे फळ आपल्या उघड्या मुकुटामुळे स्वतः आतून नासते, त्याचीच साल इतर फळांना राखते. माढ्याच्या बागेतही ती उपयोगी पडेल काय? साल येथे फुकट आहे, पाणी आणि पंप आहेत. भरायच्या आहेत त्या दोन पेट्या.